एकोणतीस तारखेची लिफ्ट

—आणि आवाज नेमका कसा म्हणालात, टक की घर्रर्र? टक. बरं. चौथ्या मजल्याच्या आसपास, आणि टक झालं की एक हिसका. बसा ना ताई, उभ्या का? ती नको, तिचा एक पाय लंगडा आहे, ही घ्या. अहो, अशा तुम्ही पहिल्या नाही. आठवड्याला एक तरी माणूस येतंच — काका, लिफ्ट कुरकुरते. काका, लिफ्ट रुसते. एक आजोबा तर म्हणाले, आमची लिफ्ट उचकी देते. मी सगळ्यांना एकच सांगतो, लिफ्ट जुनी झाली की आपल्यासारखीच कण्हते, लगेच जीव टांगणीला लावायचा नाही. हिसका बसला तेव्हा तुम्ही फोन लावलात आणि लागला नाही? नाहीच लागणार. पत्र्याची पेटी ती, दार मिटलं की रेंज गेली. त्यात भिण्यासारखं काही नाही. — तेलवाला? तो येतो हो दर महिन्याला, पण तो रुळांना तेल लावतो, दिवा गेला असेल तर बदलतो आणि चहा पिऊन जातो. दोर, ब्रेक, वरचं मशीन, हे आमच्या कंपनीचा मोठा मिस्त्री बघतो, वर्षातून एकदा. आणि त्यानं कुठल्या दिवशी कुठे जायचं ते ठरवतो हा कॉम्प्युटर. म्हणजे मीच म्हणा ना.

घाई आहे का? अकराला? तुम्हाला नव्हे, घरच्यांना — हां, सासऱ्यांना व्यायामाला न्यायचं असतं, मिस्टर नेतात. चाकाची खुर्ची म्हणजे जिन्याचा प्रश्नच नाही. सहावा मजला ना? मग चौथा लागणारच मध्ये. बरं बरं, बघतोच मी. तुम्ही निश्चिंत बसा. मला इथे सगळे कॅलेंडर म्हणतात, माहीत आहे? पाठीमागे नव्हे, तोंडावर. ‘कॅलेंडर, आज कोण?’ म्हणून मिस्त्री विचारायचा आणि मी यादी हातात द्यायचो. पूर्वी वह्या होत्या, वहीत कोण कधी सुटेल याचा नेम नव्हता. मग ही शीट मी बनवली, एकट्यानं, कुणाला न विचारता. आणि साधीसुधी नाही हं. आमच्या दुसऱ्या शाखेतला कारकून काय करतो, शेवटच्या तपासणीत तीनशे पासष्ट मिळवतो. झालं वर्ष! अहो, पण लीप वर्षाचं काय? त्याचं सगळं एक दिवस मागे सरकतं, आणि ह्या महाराजांना पत्ताच नाही. मी हसलो होतो त्याला, चांगला चारचौघांत हसलो. माझं गणित बघा — दिवस तोच, महिना तोच, फक्त वर्षाचा आकडा एकानं वाढवायचा आणि तिन्ही पुन्हा जोडून तारीख करायची. पाच मार्चची तपासणी पुढच्या वर्षी पाच मार्चलाच. लीप असो नाहीतर नसो. आहे की नाही?

इमारतीचं नाव सांगा. — हे बघा, ह्या महिन्याच्या यादीत नाही. तसं असणारही नाही, तुमची उन्हाळ्याच्या तोंडाला असते वाटतं. गेल्या महिन्यात... नाही. पुढच्या महिन्यात... अं. एक मिनिट हं. यादी म्हणजे काय, ज्यांची तारीख आली त्यांनाच ही पुढे आणते, बाकीचे मागे शांत बसलेले असतात. मूळ पानावर जाऊ. ही बघा तुमची इमारत, आहे, गेलीय कुठे! सहा मजले, एक लिफ्ट, बरोबर? शेवटची तपासणी — एकोणतीस फेब्रुवारी. गेल्या लीप वर्षाची. आणि पुढची तपासणी —

कोरं आहे.

नाही नाही, पुसलं-बिसलं नाही कुणी. कोरं का आहे ते मला माहीत आहे. सांगतो. एकोणतीस फेब्रुवारीचं वर्ष एकानं वाढवलं की काय होतं? एकोणतीस फेब्रुवारीच होतं, पण ज्या वर्षी ती नाहीच अशा वर्षाची. मग मशीन काय करणार बिचारं, त्या जागी चूक-चूक म्हणून ओरडतं. आणि आमच्या साहेबांना असली अक्षरं खपत नाहीत, पान कसं स्वच्छ हवं. म्हणून मी आधीच तजवीज करून ठेवली होती — कुठे चूक आली तर ओरडू नकोस, तो रकाना कोरा ठेव. आणि कोऱ्या रकान्याला तारीख नसते. तारीख नाही म्हटल्यावर ती यादीत कशी येणार? नाहीच येणार. ह्या वर्षी नाही आणि कधीच नाही. — किती झाले? अडीच वर्षं होतील. म्हणजे दोन तपासण्या... हो, दोन.

तसं बघू नका ताई माझ्याकडे. एका दिवसाची तर गोष्ट, चार वर्षांतून एकदा येणारा दिवस, त्या दिवशी मिस्त्रीनं एकच लिफ्ट केली, आणि ती नेमकी — आणि मला कुणी सांगितलं का? सांगितलं म्हणजे... मिस्त्री म्हणाला होता. त्याला लिहिता-वाचता जेमतेम, पण लिफ्ट तोंडपाठ. पुढच्याच मार्चमध्ये आला नि म्हणाला, ‘कॅलेंडर, दोनशे बारा लिफ्ट आहेत आपल्याकडे, यादीत वर्षभराच्या दोनशे अकराच भरतात. एक कुठाय?’ मी म्हटलं, तू बोटांवर मोजतोस, मी मशीनवर, गप काम कर. गेला बिचारा. मग मी मोजल्या. दोनशे अकराच भरल्या. आणि दहा मिनिटांत साहेबांची मीटिंग, पानाच्या माथ्यावर मीच टाईप केलेलं ‘एकूण दोनशे बारा’. शोधायला बसलो असतो तर अर्धा दिवस गेला असता. कुणीतरी कंत्राट सोडलं असेल म्हटलं. म्हणून मी — मी वरचा आकडा बदलला. दोनशे अकरा केला. झालं, जुळलं. साहेब म्हणाले, वा, एकदम चोख.

तो मिस्त्री आता नाही, गावी गेला, गुडघे गेले त्याचे, त्याच्या जागी नवा आलाय. पण फाईल आहे. कागद मी जपतो, त्यात मला कुणी नावं ठेवणार नाही. हे कपाट जरा अडतं... ही तुमची. हा बघा त्याच दिवशीचा कागद, अक्षर त्याचंच, मुंग्यांसारखं. ब्रेक ठीक. दार ठीक. आणि खाली शेरा आहे, तो मी वाचला नव्हता, शेरे मी वाचत नाही, मला तारखेशी काम. चष्मा कुठे गेला — ‘दोराच्या तारा तुटू लागल्या आहेत. पुढच्या तपासणीला बदलायलाच पाहिजे. त्यापुढे चालवू नये.’

त्यापुढे चालवू नये.

दोर एकच नसतो हं ताई, चार असतात. आणि एकाच्या तारा तुटल्या म्हणजे लगेच काही... आणि तुटलाच तरी खालचा ब्रेक पकडतो. पकडायला हवा. त्याचीही तपासणी त्याच दिवशी असते. — टक म्हणालात ना तुम्ही? टक आणि मग हिसका. किती दिवसांपासून? महिनाभर? आणि तुम्ही आज आलात? नाही, तुमची काय चूक, तुम्ही आलात तरी. मीच आलो नाही.

फोन लावा घरी. मिस्टरांना. आत्ता लावा, माझं नंतर ऐका. सांगा, आज व्यायाम नको, खुर्ची दारातून बाहेर काढू नका म्हणावं, जिन्यानंही नको, घरातच बसा, मी दुसऱ्या फोनवरून माणूस पाठवतो, मेन स्विच बंद करायला लावतो. अकराला निघतात ना? मग आहे वेळ, हे बघा, भिंतीवर अकराला पाच कमी — नाही.

नाही, ते घड्याळ पाच मिनिटं मागे आहे.

उचलला? वाजतोय तरी ना? ...काय म्हणते ती बाई? पुन्हा लावा. रेंज नाही म्हणजे काय, घरी तर तुमच्या —

ताई. तुमच्या लिफ्टला सहाव्यावरून चौथ्यावर यायला किती वेळ लागतो?