बशीत न उगवलेली बुरशी

(गुंजीजवळ अक्काताईचं रान. बायका रताळ्याचे वेल लावताहेत. मष्णूची लेक नीलम बेळगावहून, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून, थेट बांधावर आली आहे.)

नीलम : आप्पा, आधी लावणी थांबवा. मग बोलू.

मष्णू : तीन सऱ्या झाल्या गं. बायका पैऱ्यानं आल्यात. आज अक्काताईच्या रानात, उद्या भरमूच्या. त्यांना काय सांगू?

नीलम : आपल्या घरचं वेल रोगी हायत म्हणून सांगा.

मष्णू : परवा तूच म्हणालीस, निर्मळ हायत.

नीलम : बशीत बुरशी उगवलीच न्हाय म्हणून म्हणाले. तिला आधी खायला घालावं लागतंय, आप्पा. बटाटं उकडून त्याचं पाणी काचेच्या बशीत थिजवतो, त्यावर वेलाचा तुकडा ठेवतो. रोग असला की बशी भरती. माझ्या बश्या कोऱ्या ऱ्हायल्या.

मष्णू : मग बरोबरच की.

नीलम : मॅडमनी तेच वेल ओटच्या पिठाच्या बशीवर ठेवलते. आज बघितलं तर काठोकाठ भरलीया. पांढरी, मधी जांभळी. ओटावर फोफावती अन् बटाट्यावर उगवतबी न्हाय, असं कसं हुईल? तुम्ही दिलेलं बटाटं कुठलं हुतं?

मष्णू : माळ्यावरच्या पोत्यातलं. लावून उरलेलं बेणं. विकत कशाला आणायचं म्हणून दिलं.

नीलम : बुरशीचं औषध चोळलेलं?

मष्णू : ...व्हय. तुला शिकायला पायजे हुतं, खायला न्हवं. म्हणून दिलं.

नीलम : अन् मी सालीसकट उकडलं. जेवणातच औषध, मग बुरशी उगवणार कशी? बशी धड हाय का कळायला ओळखीची एक बुरशी तसल्याच बशीत टाकून बघायची असती, तेबी केलं न्हाय. माझंच चुकलं.

मष्णू : हळू बोल. कोण इचारणार हाय? वेल सुकलं तर पाऊस लई झाला म्हणतील.

नीलम : अन् मातीत बसल ती? वर्षानुवर्षं ऱ्हाती. अक्काताईच्या रानात आजवर एक वेल सुकला न्हाय, आप्पा.

मष्णू : साऱ्या गावाला सांगितलंय गं, माझ्या लेकीनं तपासून दिलंय म्हणून. उद्या तुझ्यावर कोण इस्वास ठेवणार?

नीलम : मला काय भीती वाटत न्हाय व्हय? येताना गाडीवर रडतच आले.

अक्काताई : काय कुजबुज चाललीया बापलेकीची? नीलम, नुसती उभी ऱ्हाणार का चार वेल खोचणार?

नीलम : अक्काताई, लावलेलं सगळं उपटा. वेलांत मर रोग हाय. तपासताना मी चुकले.

अक्काताई : मष्णू, काय म्हणत्या ही?

मष्णू : खरं म्हणत्या. वेल माझ्या घरचं. सगळं गोळा करून जाळतो. भरमूकडंबी मीच सांगायला जातो.

अक्काताई : हं.

मष्णू : अन्... मी तिला गप ऱ्हा म्हणत हुतो.

अक्काताई : ऐकलंय. बांधाआडच हुते मी. तू त्या टोकाकडनं उपटत ये. एक तुकडा मागं ऱ्हायला नको.