वरच्या धुऱ्यावरची अंडी

हॅलो?… वैनी? लागला का एकदाचा… अगं मी, रुद्राणी. मोठ्यानं न्हाई बोलता येत, कान लावून ऐक. लपणात हाय मी… हाव, तिथंच, पोत्यांच्या आत, ओढ्याकाठच्या वावरात. सकाळी तूच सोडून गेलीस की.

न्हाई न्हाई, तुझं काही चुकलं न्हाई. झकास झालं. दोघी आलो, तू एकटी परत गेलीस, टिटवीला वाटलं माणसं गेली. तिला कुठं मोजता येतंय… हाव, लगेच आली. अंडी गार राहावीत म्हणून डबक्यात पोट भिजवून आली अन् बसली त्यांच्यावर.

वैनी, एक अंडं फुटायलंय. आतून चोच दिसायलीय… खरंच. कॅमेरा चालू हाय… अगं हाव, पण मी त्यासाठी फोन न्हाई केला. ऐक ना. दादा ट्रॅक्टर घेऊन आलाय.

कुठं म्हणजे? याच वावरात. वरच्या टोकाकडून रोटा मारत, ढेकळं फोडत खाली यायलाय… ते कळतंय मला, पेरणीच्या आधी मारतेत. पण आजच का? अन् हाच तुकडा का? काल तुझ्यासमोर विचारलं आप्पांना. संध्याकाळपर्यंतच तर मागितलं होतं. पिल्लं वाळली की आपल्या पायानं चालत जातेत, मग मारा की किती मारायचा तो… "बघू" म्हणले आप्पा. म्हणले का न्हाई?

…काय?

परत सांग… आप्पांनीच दादाला सांगितलं? "आधी ओढ्याकाठचा तुकडा कर", असं?

का पण? माझ्या टिटवीनं त्यांचं काय घोडं मारलं… आपल्या दुकानात? कंधारच्या? कोण आलं होतं?… शिवप्पाकाका? अन् बियाणं परत आणून टाकलं?… हं… "तुमच्याच पोरीच्या मोबाईलवर बघितलं, टिटवी सखल जागी बसलीय, यंदा पाऊस न्हाई"… असं म्हणले? सगळ्यांसमोर?

अगं देवा. माझं स्टेटस बघून. मी आपलं अंडी दिसायलीत म्हणून टाकलं…

न्हाई, माहीत हाय मला, लोकं मानतेत. उंचावर बसली तर पाऊस, खाली बसली तर कोरडं. आप्पाबी मानतेत. पण म्हणून रोट्याखाली घालायचं तिला? घरटं मोडलं म्हणजे पाऊस पडतो का… थांब जरा. आवाज वाढला. वळला तो, वैनी. इकडं वळला.

लावला की फोन त्याला, लावून लावून बोट दुखलं. गाणी लावलेत ट्रॅक्टरवर, मला इथं ऐकू यायलेत, त्याला काय घंटी ऐकू येणार… बाहेर कशी येऊ गं? मी उठले की ती उडणार. असल्या उन्हात अंडी उघडी पडली तर आतल्या आत शिजतेत. जीव हाय गं त्यात, चोच मारून राहिला बिचारा…

आप्पा कुठं हायत?… घरीच? मग दे की… जेवत असू दे. जेवताना बोलत न्हाईत तेबी माहीत हाय. वैनी, पाया पडते तुझ्या, दे त्यांच्या हातात.

आप्पा?… हाव, रुद्राणीच. आप्पा, दादाला थांबवा… आधी थांबवा, मग काय बोलायचं ते बोला… हाव, चुकलं माझं, स्टेटस काढून टाकते… कळतंय आप्पा, त्याच दुकानावर नांदेडला शिकायलेय मी, मला न्हाई कळणार तर कुणाला. पण ऐकून तर घ्या.

ती आधी खाली न्हाई बसली. वर बसली होती… वरच्या धुऱ्यावर आप्पा, बांधावरच्या बाभळीजवळ. आपल्या सगळ्या शिवारात उंच जागा ती. चार अंडी होती. माझ्याकडं शूटिंग हाय… मग काय, मग तुम्ही धसकटं पेटवली. जाळ धुऱ्यावर गेला. मी पळत येईपर्यंत काही राहिलं न्हाई. ती दोघं वरून ओरडत होती, तुम्हीच म्हणलात, काय कालवा लावलाय यांनी… तुम्हाला वाईट वाटंल म्हणून तवा बोलले न्हाई. मग ती इथं आली. जिथं जाळ पोचला न्हाई तिथं. तिनं पाऊस न्हाई सांगितला आप्पा, आपणच तिला वरून खाली हाकलली.

काय?… दादाला लावताय?

हाव, तुमच्या मोबाईलवरून लावा त्याला. हा ठेवू नका… न्हाई उचलत ना? म्हणलं होतं मी.

जवळ आलाय. लई जवळ. धूळ यायलीय आत… अन् ही उठंना. पंख पसरून बसलीय, ट्रॅक्टरकडं तोंड करून. आप्पा, ही उठंना हो…

मी चालले बाहेर. कॅमेऱ्याचं बघू नंतर.

दादा! ए दादा… थांब, थांब, थांब…

…

हॅलो… हाय आप्पा, हाय. थांबला. बंद केला त्यानं… मला काही न्हाई झालं. दादा तर खालीच बसलाय ढेकळात, त्याला वाटलं रिकामी पोती हायत… अंडी हायत. ती उडाली शेवटी, डोक्यावर ओरडायलीय. मी आडवी उभी हाय, अंड्यांवर सावली पडावी म्हणून. आप्पा… एक बाहेर आलंय. ओलं हाय. पाय ताणून बघायलंय.

न्हाई, कॅमेऱ्यात न्हाई आलं. मीच मधी उभी, माझी पाठ आली असंल… असू द्या.

आता आम्ही दोघं जातो इथून, तिला दिसंल असं. ट्रॅक्टरला ती भीत न्हाई, माणसाला भीते… चल दादा, ऊठ.

काय म्हणलात?… हाव, हाय की वरच्या धुऱ्याचं शूटिंग. कशाला?… दुकानात दाखवायला. शिवप्पाकाकांना. आधी उंचावरच बसली होती म्हणून…

देते. पण अर्धं न्हाई देणार, आप्पा. ती बसलेली हाय त्यात, अन् जाळाच्या दुसऱ्या दिवशीची अंडीबी हायत. काळी पडलेली. धुरा कुणाचा ते गावाला सांगायला लागत न्हाई. सगळं दाखवणार असाल तर देते.

…आप्पा?… हॅलो?

वैनी, तू हायस का? फोन तुझ्याकडं कसा आला?… उठले? ताटावरून? भाकरी तशीच ठेवून?

आप्पा कधी ताटात शीत ठेवत न्हाईत गं.

…न्हाई, तू काही बोलू नको त्यांना. ताट झाकून ठेव. आम्ही वर आलोय, त्याच धुऱ्यावर. इथून दिसायलंय… हाव, उतरली ती. पोट भिजवून चालत यायलीय. ठेवते मी.