डॅडींच्या आवाजात

(दुबईतलं करामा. संध्याकाळ. ॲम्ब्रोज ड्यूटीवरून येऊन अंघोळीला गेलेत. त्यांचा मोबाइल घेऊन पंधरा वर्षांचा मुलगा लेस्टर बेडरूममधून बिल्डिंगखालच्या मोहिद्दीनभाईंच्या ग्रोसरीत फोनवर बोलतोय, डॅडींचा आवाज काढून.)

मोहिद्दीन : दूध झालं, अंडी झाली. पुढं बोला ॲम्ब्रोजभाई. आवाज बसलाय काय तुमचा?

लेस्टर : एसीनं घसा धरलाय. आणि... त्यात एक सिगरेटचं पाकीट टाका.

मोहिद्दीन : काय टाकू?

लेस्टर : सिगरेट. एक पाकीट.

मोहिद्दीन : कुठली देऊ?

लेस्टर : कुठलीही. म्हणजे, आपली नेहमीची.

मोहिद्दीन : नेहमीची! बरं बरं. माणसाबरोबर वर पाठवतो.

लेस्टर : वर नको! मी लेस्टरला खाली पाठवतो ना.

मोहिद्दीन : पोराच्या हातात सिगरेट देऊ? अठराच्या आतल्याला दिली तर दुकानाला कुलूप लागेल माझ्या, साहेब.

लेस्टर : काळ्या पिशवीत घाला. तो उघडून बघणार नाही.

मोहिद्दीन : वा! भलताच गुणी पोरगा. कसा आहे हो तुमचा लेस्टर?

लेस्टर : लेस्टर? चांगला आहे. फारच चांगला मुलगा.

मोहिद्दीन : काल तर तुम्ही म्हणालात, गाढव आहे.

लेस्टर : मी? गाढव? कधी?

मोहिद्दीन : इथंच, चहा पिता पिता. मॅथ्सचे मार्क सांगत होतात.

लेस्टर : मार्कसुद्धा सांगितले?

मोहिद्दीन : समोरच्या लाँड्रीवाल्यालाही ऐकू गेले.

लेस्टर : पण पेपरच टफ होता! सगळ्यांनाच... म्हणजे, लेस्टर तसं म्हणत होता.

मोहिद्दीन : असेल, असेल. बरं भाई, एक सल्ला द्या. तो हल्ली त्या लांब केसवाल्या व्हर्ननबरोबर पार्किंगमध्ये दिसतो. व्हर्नन ऐटीत धूर सोडतो आणि आपला लेस्टर बाजूला उभा राहून खोकतो. आता मी हे त्याच्या बापाला सांगू की नको?

लेस्टर : नको! म्हणजे... काय गरज? मुलं आहेत. एकदा ट्राय करतील, खलास. त्यात काय एवढं?

मोहिद्दीन : हे तुम्ही म्हणता, ॲम्ब्रोजभाई?

लेस्टर : हो. मीच म्हणतोय.

मोहिद्दीन : तुम्ही पहिली सिगरेट ओढलीत तेव्हाही असंच म्हणाला असाल, नाही?

लेस्टर : मी कुठं ओढली? मी कधीच...

मोहिद्दीन : बोला, बोला.

लेस्टर : मी... ओढत होतो?

मोहिद्दीन : आता स्वतःचंच स्वतःला आठवेना? लेस्टर बेटा, घाबरू नको. फोन ठेवू नको.

लेस्टर : ...चाचा.

मोहिद्दीन : आवाज झकास काढलास, अल्ला कसम. मीसुद्धा अंड्यांपर्यंत फसलो. पण माल चुकीचा मागितलास. अख्ख्या करामात मी एकटाच दुकानदार आहे, ज्याच्याकडे तुझे डॅडी सिगरेट मागूच शकत नाहीत.

लेस्टर : व्हाय नॉट?

मोहिद्दीन : तू झालास ना, त्या दिवशीची गोष्ट. नर्सनं तुला त्यांच्या हातात दिलंच नाही. म्हणाली, शर्टाला वास येतोय, आधी बदलून या. बिचारा तसाच माझ्याकडे आला. राहिलेलं पाकीट काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, मोहिद्दीनभाई, आजपासून मी तुमच्या पाया पडलो तरी मला देऊ नका.

लेस्टर : डॅडी नेव्हर टोल्ड मी.

मोहिद्दीन : कसे सांगतील? तुझ्या नजरेतून उतरायची भीती असते रे बापाला.

लेस्टर : पण सोडली ना? दॅट्स गुड. व्हर्नन पण तेच म्हणतो, कधीही सोडता येते.

मोहिद्दीन : असं? मग तुझे डॅडी रोज संध्याकाळी खाली कशाला येतात?

लेस्टर : खुबूस रोटी आणायला. मम्मी तर ओरडत असते, सगळा फ्रीजर खुबूसनं भरलाय म्हणून.

मोहिद्दीन : एवढी आवडते त्यांना खुबूस?

लेस्टर : नो... डॅडी तर भातच खातात.

मोहिद्दीन : मग? तलफ येते बेटा. अजून येते, इतक्या वर्षांनी. ड्यूटी संपली की हात खिशाकडे जातो. म्हणून इथं येऊन बसतात, काळा चहा घेतात, तुझ्या मार्कांचं रडगाणं गातात. तलफ गेली, की खुबूसचं पाकीट उचलून वर. ईदला मी दुकान उशिरा उघडलं, तर शटरपाशी येऊन उभे होते.

लेस्टर : एव्हरी डे?

मोहिद्दीन : रोज. सोपं असतं तर मी एवढ्या खुबूस विकल्या असत्या काय?

लेस्टर : चाचा, प्लीज डोन्ट टेल हिम. ही विल किल मी.

मोहिद्दीन : मी नाही सांगणार. तूच सांग. चहाच्या वेळेला सांग. तेव्हा त्यांना कुणीतरी बोलायला हवंच असतं.

लेस्टर : आणि व्हर्नन? ते सगळे पार्किंगमध्ये वेट करतायत. व्हॉट डू आय से? हसतील मला.

मोहिद्दीन : सांग, खाली रत्नागिरीचा एक खवट म्हातारा बसतो, तोंड बघितल्याशिवाय देत नाही. माझ्या नावावर खपव. शिव्या खायची मला सवय आहे.

लेस्टर : चाचा, शॉवर बंद झाला! बाय!

मोहिद्दीन : अरे, आणि अंड्यांचं काय करू?

ॲम्ब्रोज : लेस्टर! माझा मोबाइल बघितलास काय?

लेस्टर : हा घ्या, डॅडी.

ॲम्ब्रोज : केवढा तापलाय! गेम खेळत होतास?

लेस्टर : नाही.

ॲम्ब्रोज : बरं, मी जरा खाली जाऊन येतो. मम्मीनं विचारलं तर सांग, खुबूस आणायला गेलेत.

लेस्टर : थांबा ना डॅडी. शूज घालतो, मीपण येतो.

ॲम्ब्रोज : खुबूस आणायला दोघं कशाला? पोतं उचलायचंय काय?

लेस्टर : खुबूस फ्रीजरभर आहेत, डॅडी. मी चहाला येतोय.