वाचता न आलेल्या फायली

नाही बाई, बिघडलं काहीच नाही, थांबलंय फक्त — तुम्ही बसा ना, अशा मागे उभ्या राहिलात की मला अजून चौथीत असल्यासारखं वाटतं, वही लपवावीशी वाटते. काय झालं सांगतो. तुमचं निरोपाचं भाषण या कॉम्प्युटरात होतं, काल काकांनी पसारा आवरला आणि ते दिसेनासं झालं, बरोबर? मग मी हा छोटा प्रोग्राम लिहिला, स्क्रिप्ट म्हणतात त्याला — एकेका फोल्डरात शिरायचं, एकेक फाइल वाचायची, ‘खडूची धूळ’ हे शब्द दिसले की सांगायचं. आहेत ना ते भाषणात? पहिल्याच ओळीत? झालं तर. पण कॉम्प्युटरच्या स्वतःच्या काही फायली असतात, सिस्टिमच्या, त्या तो कुणाला वाचू देत नाही. आणि स्क्रिप्ट बिचारी साधी — पहिली बंद फाइल लागली, बसली तिथंच फतकल मारून. आता तिला सांगितलंय, वाचता येत नाही ते सोड आणि पुढं चल. पाचला समारंभ, आत्ता तीन — आरामात होईल.

काय? सोडलेल्यांची यादी? कशाला बाई, सगळा कचराच — हो हो, करतो. परीक्षेतसुद्धा सोडलेल्या प्रश्नांचे नंबर लिहायला लावायचात तुम्ही. ही घातली ओळ. चालली बघा.

संपलं. नाही सापडलं — बाई, डोळे नका पुसू हो, एकतीस वर्षांचं सगळं दोन तासांत पुन्हा लिहून होणार नाही, कळतंय मला. यादी? यादीत काय असणार, एकशे बारा नावं, सगळी सिस्टिमची. शेवटचं? ते... ‘सिस्टिम-जुने’. तेही सिस्टिमचंच की, नावच तसं आहे. काकांच्या फोटोंमध्ये कसं आलं? येतात कधी कधी फिरत फिरत. एकशे अकरा नावं इंग्रजीत आणि हेच एक मराठीत कसं? बाई, असं चष्म्यावरून नका बघू.

बरं. मीच केलंय. मागच्या महिन्यात काका माझ्या दुकानात आले, म्हणाले, “हिच्या नावानं कॉम्प्युटर उघडला तर वाचता येणार नाही असं एक फोल्डर करून दे.” नाही हो, भलतंसलतं काही नाही! आणि काल आवरता आवरता तुमचं भाषण त्यातच ढकललं असणार त्यांनी. स्क्रिप्टला मीच सोड म्हटलं, तिनं सोडलं. तिचा काय दोष? काकांना शब्द दिला होता मी, पण — उघडतो. पासवर्ड मीच घालून दिलाय.

हे बघा! खडूची धूळ! अख्खं आहे, नऊ पानं. छापायला टाकलं. आता हसा बघू. बाकीच्या त्रेचाळीस फायली? त्या राहू द्या. आवाजाच्या आहेत. कुणाच्या म्हणजे... तुमच्या. घोरण्याच्या. तुम्ही म्हणता ना, मी घोरतच नाही — काका म्हणाले, पुरावा गोळा करतो, ही रिटायर झाली की निवांत ऐकवतो. मी एकच ऐकली, सतरा नंबरची, शप्पथ. लावू? लावतो, लावतो.

दमदार आहे, नाही? — काय? दोन आवाज? कुठं? थांबा, मागं घेतो. अरे हो की! एक बारीक, शिट्टीसारखा, आणि त्याच्यावर हा ट्रॅक्टर. ट्रॅक्टर काकांचा? म्हणजे उशाशी फोन चालू करून स्वतःच झोपले आणि — पुढचीही लावू? त्यातही ट्रॅक्टर! फळ्याकडं तोंड करून शेवटच्या बाकावरचा आवाज ओळखायचात तुम्ही, तुमचा कान चुकतो होय.

काय म्हणालात? भाषणानंतर लावायची? सभागृहात? बाई, काका पहिल्या रांगेत असतील! आणि तुमची शिट्टीही ऐकू येईल की — चालेल? बरं, मग पेन ड्राइव्ह आहेच माझ्याकडं. घातली. घ्या, पर्समध्ये टाका चटकन, जिन्यात चपला वाजल्या.

या काका, या! इस्त्री झाली का कपड्यांना? हो, भाषण सापडलं ना. कुठं होतं? ते बाई सांगतील, माईकवरून. येतो मी.