मालवणचा आग्रह

या, पुढं सरकून बसा! मागं देवळाच्या खांबाला टेकून उभे आहात ते, तुम्हीसुद्धा खाली बसा – आजची गोष्ट उभ्यानं ऐकायची नाही, पाय लटपटतील!

मंडळी, आधी एक सवाल टाकतो. पाहुणा पंगतीला बसला, की आपण म्हणतो – 'घ्या हो! अजून एक घ्या! माझी शपथ आहे!' हा आग्रह कुणासाठी असतो? पाहुण्याच्या पोटासाठी? की आपल्या आतल्या 'मी'साठी? थांबा, लगेच माना डोलवू नका! आधी ऐका.

कऱ्हाडात दिनकरराव खराडे म्हणून एक गृहस्थ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. माणूस वाईट? छे! शब्दाला पक्का, देवाला भिऊन वागणारा. पण एक खोड – मासळीतलं मला कळतं तेवढं कुणालाच कळत नाही! आता कऱ्हाडात समुद्र आहे का हो? कृष्णा आहे, कोयना आहे – समुद्र कुठला? पण बावीस वर्षं दरसाल थंडीत मालवणची वारी करून... वारी कसली, सारी जिभेची चैन! तर असे हे गृहस्थ स्वतःला अर्धे मालवणीच समजत.

एकुलती एक मुलगी ऋतुजा. पाच महिन्यांपूर्वी लग्न झालेलं. जावई इंद्रजित माने, फलटणचे, कॉलेजात शिकवणारे. शांत माणूस. एक वाक्य बोलायचं तर आधी घसा साफ करणार, मग चष्मा सारखा करणार, मग बोलणार. आणि आमचे दिनकरराव? समोरच्यानं घसा साफ केला, की यांचं बोलणं सुरू!

एका रविवारी बैठक बसली. पहिलीच सुटी जावयाबरोबर – चार दिवस नुसतं बसायचं, खायचं, समुद्र बघायचा. पण जायचं कुठं?

ऋतुजा म्हणाली, "अण्णा, या वेळी गोव्याला जाऊ या. दक्षिणेकडं शांत किनारे आहेत."

"गोव्यात काय आहे? जे काही आहे त्याच्या दुप्पट चव अलीकडं मालवणात आहे!"

इंद्रजितनं चष्मा सारखा केला. "मामा, मी म्हणत होतो – गुहागरला जाऊ या का? माझ्या मित्राचं घर आहे तिथं. साधं घरगुती जेवण, उकडीचे मोदक, फणसाची भाजी. म्हणजे काय, मला कोळंबी..."

"गुहागर!" दिनकरराव असे हसले, की शालनबाईंच्या – म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींच्या – हातातला चहा हिंदकळला. "समुद्रावर जाऊन फणसाची भाजी खायची? अहो, ती मी इथं आणून देतो! मालवण! ठरलं!"

वाक्य कुठं तुटलं, पाहिलंत? 'मला कोळंबी' – पुढं काय? कुणाला ठाऊक! कुणी विचारलंच नाही.

रात्री ऋतुजानं वडिलांना सांगितलं, "अण्णा, त्यांना कोळंबी चालत नाही. लहानपणी एकदा खाल्ली तर अंगभर गांधी उठल्या होत्या."

"चालत नाही म्हणजे आवडत नाही गं! फलटणच्या माणसानं कसली कोळंबी खाल्ली असेल? शिळी! ताजी खाऊ दे, मग बघ."

तर मंडळी, मालवण! गावाबाहेर, माडांच्या बागेत पार्वतीकाकींची खानावळ. बावीस वर्षांची ओळख. शालनबाईंनी आदल्या दिवशीच फोनवर जावयाचं सांगून ठेवलं होतं. दुपारी पाट टाकले, ताटं मांडली. चुलीवर दोन टोप. काकी म्हणाल्या, "भाऊनू, तुमच्या जावयांका कोळंबी चालणा नाय ना? तेंच्यासाठी सुरमयची कढी वेगळ्या टोपात केलंय. डावसुद्धा वेगळो ठेवलंय."

परक्या बाईनं डाव वेगळा ठेवला, हो! आणि सख्खा सासरा?

दिनकररावांनी टोपांकडं बघितलं. दोन्हीतली कढी लाल, दोन्हीत खोबरं, वर तशीच तर्री. आणि त्यांच्या मनात तो किडा वळवळला. 'एकदा खाऊ दे. कळणारसुद्धा नाही. हात चाटत विचारेल – मामा, ही कसली कढी? मग सगळ्यांसमोर सांगेन!' बघा, मंडळी, इथं द्वेष नाही. वैर नाही. नुसतं जिंकायचं होतं! हरवायचं कुणाला? स्वतःच्या लेकीच्या कुंकवाला!

"काकी, तुम्ही बसा. जावई माझा आहे, मी वाढतो!" असं म्हणून, काकींची पाठ वळताच, त्यांनी कोळंबीच्या टोपात डाव घातला. कोळंबी बाजूला सारली, नुसता रस घेतला आणि इंद्रजितच्या भातावर ओतला.

"मामा, ही..."

"सुरमईची! तुमच्यासाठी वेगळी केलीय. खा बिनधास्त!"

इंद्रजित हसला. प्रवासात पहिल्यांदाच मोकळं हसला, हो. 'माझ्यासाठी वेगळी केली' – एवढ्यानं सुखावला बिचारा. पहिला घास. दुसरा. सहावा. "मामा, छान आहे," म्हणाला. दिनकररावांच्या छातीत कसे ढोल वाजले!

आणि सातवा घास हातातच राहिला.

इंद्रजितनं मान खाजवली. खोकला. पाणी प्याला – पाणी उतरेना. ओठ बघता बघता सुजले. "ऋतु... श्वास..." एवढंच. पाटावरून उठायला गेला आणि भिंतीला धरून खाली बसला.

"काटा अडकला!" शालनबाई ओरडल्या. "भात द्या, कोरडा भात द्या!" काकींनी पाठीवर थाप मारली. कुठला काटा! दिनकरराव उभेच. त्यांच्या हातात तो डाव तसाच. साऱ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं काय झालंय – आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती!

"अण्णा, गाडी काढा!"

सरकारी दवाखाना वीस मिनिटांवर. रस्ता अरुंद, वळणावळणाचा. मागच्या सीटवर ऋतुजा नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली – "बघा माझ्याकडं! झोपायचं नाही! बघा!" श्वासाचा आवाज असा, जणू पोचा पडलेली शिट्टी. वळणावर समोरून चिऱ्यांनी भरलेला ट्रक! दिनकररावांनी गाडी गटारीच्या काठावर घातली, चाक घसरलं, पुन्हा वर आलं. मनात दुसरा दिनकर बोलत होता – 'सांग. आत्ता सांग.' आणि पहिला म्हणत होता – 'दवाखान्यात बरं करतीलच की. मग सांगायची गरज काय? पोर आयुष्यभर तोंड बघणार नाही.'

मंडळी, जावई मागं गुदमरतोय आणि माणूस अजून आपलं तोंड वाचवतोय! हसू नका. आपण वेगळे आहोत का?

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई. बघताक्षणी विचारलं, "काय खाल्लं?"

"सुरमई, भात, सोलकढी," ऋतुजा म्हणाली.

"सुरमई पूर्वी खाल्लीय?"

"नेहमी खातात! काही होत नाही!"

"कोळंबी? खेकडा? शिंपले?"

"नाही! त्याला ते शिवतसुद्धा नाहीत. त्यांच्यासाठी कढी वेगळी केली होती, मी माझ्या कानांनी ऐकलं!"

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर विचार केला. "मग काटाच रुतला असेल. सूज आलीय. बॅटरी आणा, चिमटा आणा, आधी घसा बघू." आणि त्या सुजलेल्या तोंडावर वाकल्या.

इंद्रजितची नखं निळी पडायला लागली होती.

आता सांगा – काय करायचं दिनकररावांनी? दारात उभे. पुढं लेक. पाठीमागं बायको. एक शब्द बोलला, की घरात उभं राहायला जागा नाही. नाही बोलला, तर...

"थांबा!"

आवाज त्यांचाच होता, पण त्यांना ओळखू आला नाही.

"काटा नाही, डॉक्टर. कोळंबी. मी घातली. खोटं सांगून घातली. मला ठाऊक होतं याला चालत नाही. मी घातली."

ऋतुजानं वळून बघितलं. आणि बापाकडं पाठ करून नवऱ्याचा हात घट्ट धरला, हो! शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चिमटा खाली पडला. "इंजेक्शन! मांडीत! ऑक्सिजन लावा!" डॉक्टरीणबाईंचे हात चालायला लागले. एक मिनिट. दोन मिनिटं. दिनकरराव भिंतीकडं तोंड करून उभे. नामसुद्धा घेता येईना – कोणत्या तोंडानं घेणार? चार मिनिटांनी ती शिट्टी जरा मोकळी झाली. दहा मिनिटांनी ऋतुजाच्या हातात नवऱ्याची बोटं हलली.

वाचला! मंडळी, वाचला!

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गोड बोलल्या नाहीत. "आणखी दोन मिनिटं मी घशात चिमटा फिरवत बसले असते, तर तुम्ही सांगून उपयोग नव्हता." एवढं बोलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकरराव खाटेजवळ गेले. हात जोडले. इंद्रजितचा आवाज अजून घोगरा. यानं घसा साफ केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सासरा गप्प राहिला. नुसता उभा राहिला.

"मामा, मला राग आला नाही असं मी म्हणणार नाही," इंद्रजित म्हणाला. "आलाय. पण तुम्ही बोललात म्हणून मी आहे, हेही खरं. गुहागर मी एवढ्यासाठीच म्हणत होतो – तिथं स्वयंपाकघरात मासळीच येत नाही. भीतीशिवाय जेवता आलं असतं. चार माणसांत स्वतःचं दुखणं सांगायला लाज वाटते, मामा. एकदा अर्धं सांगितलं होतं. तुम्ही हसलात."

परतताना गाडी ऋतुजानं चालवली. ती सात महिने माहेरी आली नाही. फोन यायचा तो आईला. दिनकरराव शेजारी बसून नुसता आवाज ऐकायचे.

आठव्या महिन्यात त्यांनी स्वतः जावयाला फोन लावला. "इंद्रजितराव, या थंडीत... तुम्हाला कुठं जावंसं वाटतं?" आणि थांबले. जीभ शिवशिवत होती – गोवा, गुहागर, हवामान, रस्ता, काहीतरी बोलावं! नाही बोलले. दाताखाली ओठ धरला आणि थांबले.

बऱ्याच वेळानं इंद्रजित म्हणाला, "ऋतुजाला विचारतो, मामा. ती तयार झाली, तर चौघं जाऊ."

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी लेकीचा फोन – या खेपेला बापाला! "अण्णा, गुहागर. चार दिवस. आणि वाढायला तुम्ही उठायचं नाही."

"नाही उठणार, बाळ," म्हातारा म्हणाला.

मिळालं उत्तर, मंडळी? वाढतो तो हात देवाचा असतो, पण त्या हातात 'मी' शिरला, की अन्नाचं विष व्हायला वेळ लागत नाही. आणि ते विष उतरवायला औषध एकच – चारचौघांत तोंडातून निघालेलं खरं! ते कडू असतं. पण दिनकररावांना दारात उभं राहून ते प्यावंच लागलं.

आता तुमचं सांगा! कपाळाला टिळा लावून बसलाय, माझ्याकडं बघताय – घरात बघा. सून असेल, धाकटा भाऊ असेल, बायको असेल. काहीतरी सांगायला आली होती आणि तुम्ही म्हणालात, 'ठरलं!' आज घरी गेलात, की तिच्यापुढं बसा आणि विचारा – 'तू काय म्हणत होतीस?' ती लगेच बोलणार नाही. सवय मोडलीय तिची. म्हणून उठून जाऊ नका. बसून राहा. वाट कशी बघायची हे ठाऊक नसेल, तर तो बघा समोर, कमरेवर हात ठेवून उभा – त्याला विचारा!