अंदाज बरोबर होता

आजच्या सभेचे अध्यक्ष श्री. शिवदासबाब परब, व्यासपीठावर बसलेले विभागीय कचेरीतले साहेब, शाखेतील माझे सहकारी, ठेवीदार बंधुभगिनी आणि पार्से गावाहून मुद्दाम आलेली माझ्या घरची माणसे,

आज शनिवार, तीस नोव्हेंबर एकोणीसशे एक्क्याण्णव, माझ्या बँकेतल्या नोकरीचा शेवटचा दिवस. सकाळी नऊला डिचोलीच्या या शाखेचे कुलूप उघडले. अर्धा दिवस काम केले. दुपारी चाव्या नव्या अधिकाऱ्यांच्या हाती दिल्या आणि चार वाजता तुम्ही मला या खुर्चीवर बसवलेत. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मी कधी भाषण केले नाही. कागदावर लिहून आणले आहे, तेवढे वाचतो.

पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बदलत्या काळातील गुंतवणूक’ असा विषय छापला आहे. शिवदासबाब आत्ताच म्हणाले, “रुपयो जुलैत देंवलो, पूण आमच्या सदाशिवबाबान तें वर्सभर आदीं सांगिल्लें. ह्या मनशाक रेडिओ नाका, पेपर नाका!” तुम्ही टाळ्या वाजवल्यात. शिवदासबाब, तुम्ही प्रेमाने बोललात. पण त्या टाळ्या मला घेता येत नाहीत. का, ते सांगतो.

अंदाज बरोबर होता. रुपया उतरणार हे सांगण्यात जादू नव्हती. रिझर्व्ह बँकेकडे परदेशी चलन किती उरले, हे वर्तमानपत्रात आतल्या पानावर छापून येते. तो आकडा खाली चालला होता. इथले खनिज जपानला जाते, त्यामुळे डॉलर आणि येन मला नोकरीपुरते कळत. आज ना उद्या रुपया उतरवावा लागणार, एवढे दिसत होते. मग ज्याचे पैसे परदेशात आहेत, त्याने ते इथे आणायची घाई का करावी?

माझा धाकटा भाऊ रघुनाथ कुवेतला वायरमन होता. सात वर्षे राहिला. गेल्या वर्षी जुलैत त्याचा करार संपत होता. साठवलेले दिनार घेऊन चवथीला यायचे आणि पार्श्यात घर बांधायचे, असे त्याच्या मनात होते. कंपनी आणखी सहा महिने थांब म्हणत होती. यावे की राहावे, हे विचारायला त्याने शाखेत फोन केला.

“दादा, येव काय रव?”

“रव. रुपयो देंवतलो. सा म्हयन्यांनी त्याच दिनारांक हांगा चड मेळटले.”

“तू बँकेत आसा काय पंचांग सांगता?” तो हसला. “आनी माटोळी कोण बांदतलो?” गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी आमच्या घरी तोच बांधत असे.

“हांव बांदतां.”

“तू? तुवें बांदिल्लो नारळ भटाच्या माथ्यार पडिल्लो, विसरलो?”

पूर्वी पत्र जाऊन उत्तर यायला महिना लागे. तेवढ्यात माणूस चार जणांना विचारी, स्वतः विचार करी. आता नंबर फिरवला की कुवेत. तीन मिनिटांत मी सांगितले आणि त्याने ऐकले. तो लहानपणापासून माझे ऐकत आला होता.

तीन आठवड्यांत इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले. बँका बंद, फोन बंद. दिनाराला इथे कोणी हात लावीना. नोट छापणाऱ्या बँकेतच परके शिपाई बसले, तर त्या नोटेची किंमत काय? हे मला कोणी शिकवले नव्हते आणि मीही कधी विचारले नव्हते. मी रुपयाकडे बघत होतो. नकाशाकडे बघितले नाही.

मिळेल त्या गाडीने रघुनाथ जॉर्डनच्या सीमेपर्यंत पोचला. वाळवंटातल्या छावणीत विमानाची वाट बघताना तापाने पडला आणि सप्टेंबरात गेला. त्याला तिथेच माती दिली. बरोबर सातार्ड्याचा बाबाजी होता, तो परत आला. म्हणाला, “तुमच्याबद्दल तेणां वायट शब्द काढूक नाय.” काढला असता तर बरे झाले असते.

बाराव्याला घरात माणसे जमली होती. कुणीतरी म्हणाले, “करार सोंपिल्लो, येवंक जाय आशिल्लें. पयशांचो मोह, आनी कितें!” रघुनाथची बायको जानकी आतल्या दारात उभी होती. तिने ऐकले. मीही ऐकले. पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि गप्प बसलो. ते बोलणे चौदा महिने गावात फिरते आहे. त्याच्या मुलीच्या कानांवरही गेले आहे.

जानकी इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. जानकी, घरात तुला सांगायचा धीर मला झाला नाही. आणि जे चार माणसांत बोलले गेले, ते चार माणसांतच खोडायला हवे. रघुनाथला मोह नव्हता. त्याला घरी यायचे होते. मी थांबवले. तू आज काही बोलू नकोस. नंतरही बोलायलाच हवे असे नाही.

राहिला पत्रिकेतला विषय. तुमच्यापैकी कितीकांची मुले मस्कत-दुबईला आहेत, काहींचे ट्रक खाणीवर आहेत. व्याजाचे दर चढले, डिझेल महागले, थोड्या दिवसांत या शाखेत संगणक येईल. पैसे कुठे ठेवावेत ते नवे अधिकारी सांगतील, ते माझ्याहून जास्त शिकलेले आहेत. मी एवढेच म्हणेन, मुलगा फोनवर “येव काय?” विचारील, तेव्हा त्याला रुपयाचा भाव सांगू नका.

शाल आणि श्रीफळ दिलेत, दोन शब्द चांगले बोललात, सर्वांचा आभारी आहे. मानाच्या प्रसंगी असे बोललो, ते अध्यक्षांनी आणि सभेने पदरात घ्यावे. कुणाचे नाव घ्यायचे राहिले असेल, तर तो दोष माझा.

परतीसाठी शिवदासबाबांनी गाडी ठेवली आहे. तिच्यातून जानकीला आणि घरच्यांना जाऊ दे. आज तिला माझ्या शेजारी बसावे लागू नये. मी चालत बसस्टँडवर जातो आणि म्हापशापर्यंतचे तिकीट काढतो. पुढची गाडी तिथे मिळेल.

नमस्कार.