पांढरी की पिवळी

आरोग्य केंद्राच्या रांगेत माझ्यापुढे वेवजी गावच्या जेठीबाय होत्या. खिडकीत शितल सिस्टर.

"सिस्टर, तो प्रेशरच्या गोळ्यांचा अभ्यास संपला ना?"

"दोन वर्षं झाली, मावशी."

"आमच्या पाड्याला पांढरी गोळी दिली, झरी गावात माझ्या बहिणीला पिवळी. कोणती चांगली निघाली?"

"मला कोणी कळवलं नाही."

"तू विचारलंस?"

"नाही."

"आता माझ्या लेकीलाही प्रेशर निघालंय. म्हणून विचारते."

"थांबा, तेव्हा तुमची सही घेतलेल्या कागदावर अभ्यासवाल्या डॉक्टरांचा नंबर आहे. लावते."

सिस्टर बराच वेळ फोनवर बोलल्या.

"निकाल लागलाय, मावशी. गेल्या वर्षीच इंग्रजी मासिकात छापून आला. पिवळी चांगली निघाली. आपले डॉक्टर तपासून तुमची गोळी बदलतील, लेकीचंही बघतील."

"आणि पाड्यावरच्या बाकीच्या?"

"त्यांना तुम्ही सांगा की."

"मी कशाला? रक्त घ्यायला ते घरोघर आले होते. सांगायलाही तसंच येऊ दे."

सिस्टरांनी पुन्हा फोन लावला.

"गुरुवारी येतो म्हणतात."

"गुरुवारी सगळ्या बाजाराला जातात. बुधवारी बोलव."